डॉ. वॉल्टर कॅनन

अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात १८७१ साली जन्मलेले डॉ. कॅनन हार्वर्ड येथे क्ष-किरणांच्या साह्याने मांजरांच्या जठराची हालचाल पाहत असत. मांजर घाबरले की ती हालचाल थांबे. प्रयोगातील हा व्यत्यय त्यांनी उपेक्षिला नाही. त्याचेच कारण शोधिले. कुत्रा भुंकल्याने भ्यालेल्या मांजराच्या रक्तात ॲड्रिनलिन उतरते, असे १९११ साली त्यांनी दाखविले. मज्जातंतूंच्या टोकांशी स्रवणारे द्रव्य कोणते, हे मात्र त्यांच्या हयातीत निश्चित झाले नाही. १९४५ साली ते निवर्तले. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या फॉन ऑयलर यांनी ते नॉरॲड्रिनलिन असल्याचे दाखविले. ताणाच्या प्रसंगी मेंदूतही तेच स्रवून मनुष्य सावध होतो. विद्यार्थ्यांनो, परीक्षेच्या दिवशी छाती धडधडली तर लाजू नका. ईश्वराने देहात नेमलेला तो जागल्या आहे.