युद्धातल्या जुन्या ट्रकांवर देश चालत होता, सुमंत मुळगावकरांनी तो भारतात बनलेल्या ट्रकवर आणला

धंतोलीत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे लॉटरी लागणंच. दवाखान्याला लागून दवाखाना. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, पार बालाघाटहून पेशंट घेऊन गाड्या इथं येतात. त्या गर्दीत एखादी जुनी, चौकोनी टाटा सुमो आजही उभी दिसते.

या सुमोचा जपानी पैलवानांशी काही संबंध नाही, हे तुम्हाला व्हॉट्सअपनं कधीच सांगितलं असेल. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे सुमंतमधला 'सु' आणि मुळगावकरमधला 'मो', असं मिळून हे नाव झालं. माणूस अस्सल मराठी, सुमंत मुळगावकर.

त्याच फॉरवर्डमध्ये एक किस्साही असतो. टेल्कोचे मोठे साहेब रोज दुपारी ऑफिसातून गायब व्हायचे. लोकांना वाटायचं, कुठल्या तरी पंचतारांकित हॉटेलात जेवायला जात असतील. एक दिवस माग काढला, तर साहेब हायवेच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांसोबत जेवत होते आणि टाटाच्या ट्रकमध्ये काय बिघडतं ते लिहून घेत होते.

किस्सा फिरता फिरता त्यात मीठमसाला वाढत गेलाय. पण मोठ्या कंपनीच्या साहेबाला ढाब्यावर शिकण्यासारखं काय होतं, हे कळायला १९४५ मध्ये जावं लागतं.

डिस्पोजलचे ट्रक

दुसऱ्या महायुद्धात भारत हा ब्रह्मदेशच्या आघाडीचा तळ होता. त्यासाठी फोर्ड, शेव्हरोले, डॉज, जीएमसीचे ट्रक आणि विलीजच्या जीप प्रचंड संख्येनं इथं आल्या. एकट्या कॅनडानं दोस्त राष्ट्रांसाठी चार लाखांहून जास्त लष्करी गाड्या बनवल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच भारतातही उतरल्या. मुंबईत शेव्हरोले जोडायचा कारखाना १९२८ पासून होता. पण तो जोडणीचाच. सुटे भाग बोटीनं यायचे आणि इथं नटबोल्ट आवळले जायचे.

युद्ध संपलं. एवढ्या गाड्या परत नेणं परवडणारं नव्हतं. मग सरकारनं सैन्याचा जादा माल विकायला काढला. लोकांच्या तोंडी त्याला एकच शब्द होता, 'डिस्पोजल'. डिस्पोजलचा तंबू, डिस्पोजलचे बूट आणि डिस्पोजलचा ट्रक.

हा ट्रक दणकट असायचा, पण तो बनलेला युद्धासाठी. त्याला कापसाच्या गाठी आणि संत्र्यांच्या पेट्या वाहायला लावायचं काम मिस्त्रीचं.

आधी ताडपत्रीचा हौदा काढून लाकडी बॉडी चढवायची. अमेरिकन गाडी असेल तर डावीकडचं स्टेअरिंग उजवीकडे आणायचं. लष्करी ट्रकच्या पुढच्या चाकांनाही इंजिनची ताकद मिळते. चिखलात ते कामाचं, पण रस्त्यावर नुसती झीज आणि पेट्रोलचा खर्च. म्हणून पुष्कळदा पुढची ताकद तोडून टाकायची. पुढं पेट्रोल परवडेना, तेव्हा अख्खं इंजिनच उतरवून त्या जागी पर्किन्ससारखं डिझेल इंजिन बसवायचं. त्यासाठी इंजिनचे पाय, गिअरबॉक्सची जोडणी, रेडिएटरची जागा, सगळं नव्यानं जमवावं लागायचं.

खरी पंचाईत सुट्या भागांची. युद्ध संपलं तसं ते मॉडेल कंपनीनं बनवणंही थांबवलं. मग एक गाडी फोडायची आणि तिच्या भागांवर दुसऱ्या दोन चालवायच्या. तेही संपलं की लेथवर स्वतः घडवायचं.

आज आपण याला कौतुकानं 'जुगाड' म्हणतो. हुशारी होतीच, पण आधी ती मजबुरी होती. असा प्रत्येक ट्रक वेगळा व्हायचा. ॲक्सल एका गाडीचा, ब्रेक दुसऱ्या गाडीचा. कोणता नट कुठला, हे ज्यानं बसवला त्यालाच ठाऊक. घाटात ब्रेक गेला, तर दोष कुणाला द्यायचा? कंपनी सातासमुद्रापार आणि ज्या ड्रॉइंगवरून ट्रक बनला, ते इथं कुणी पाहिलेलंही नाही. जीव मात्र ड्रायव्हर आणि क्लिनरचा जायचा.

सिमेंटवाला इंजिनिअर

सुमंत मुळगावकरांचा जन्म ५ मार्च १९०६ चा, मुंबईचा. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात ते मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकले. परत आल्यावर सिमेंटच्या धंद्यात गेले आणि एसीसीमध्ये नाव कमावलं. युद्धात परदेशी यंत्रं येणं मुश्किल झालं, तेव्हा सिमेंटची यंत्रसामग्री भारतातच बनवायच्या कामात ते पुढं होते.

म्हणजे डिस्पोजलच्या मिस्त्रीसमोर जो प्रश्न होता, तोच यांच्यासमोर मोठ्या आकारात आला होता. बाहेरून पार्ट येणार नाही, आता काय?

टाटांनी १९४५ मध्ये टेल्को काढली ती जमशेदपूरला रेल्वे इंजिनं बनवायला. जेआरडी टाटांनी मुळगावकरांना हेरलं आणि १९४९ मध्ये ते टेल्कोत आले. नागपूरकरांना टाटा तसे नवे नाहीत. जमशेदजींची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये इथंच सुरू झाली. पण कापड विणणं वेगळं आणि ट्रक बनवणं वेगळं.

१९५४ मध्ये टेल्कोनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला. त्याच वर्षी जमशेदपुरातून पहिला टाटा मर्सिडीज-बेंझ ट्रक बाहेर पडला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरसारख्या कंपन्या तेव्हा बाजारात होत्याच. मुळगावकरांची नजर मात्र करार संपल्यानंतरच्या दिवसावर होती. जर्मन माणसं निघून गेल्यावर ट्रक आपल्याला बनवता आला पाहिजे, नाहीतर आपण पुन्हा डिस्पोजलवाले.

आधी माणूस, मग मशीन, मग ट्रक

म्हणून १९६६ च्या सुमारास पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला काम सुरू झालं, तेव्हा सुरुवात ट्रकपासून झाली नाही. आधी पोरांना शिकवायचा ट्रेनिंग विभाग आणि ट्रकचे भाग घडवणारी मशीन, डाय आणि टूल बनवायचा विभाग उभा राहिला. पुण्यातून व्यावसायिक गाड्या बाहेर पडायला १९७७ साल उजाडलं. आजच्या भाषेत सांगायचं तर दहा वर्षं नुसता खर्च.

त्या ओसाड माळावर त्यांनी झाडं लावून घेतली, तळं करून घेतलं. कारखाना म्हणजे धूर आणि काळं तेलच असलं पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हतं.

इकडे १९६९ मध्ये जर्मन करार संपला. ट्रकवरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि टाटाचा 'टी' आला. ट्रक चालतच राहिले.

आता तो ढाब्याचा किस्सा पुन्हा आठवा. डिस्पोजलच्या ट्रकमध्ये काय मोडतं, हे मिस्त्रीला कळायचं. पण ते बनवणाऱ्यापर्यंत पोचायला रस्ताच नव्हता, म्हणून तोच पार्ट पुन्हा तिथंच मोडायचा. ट्रक आपल्या देशात बनायला लागला तेव्हा हा रस्ता पहिल्यांदा उघडला. ओव्हरलोडनं कुठला पट्टा तुटतो, कुठला नट हाताला येत नाही, हे ढाब्यावर ऐकायचं आणि ड्रॉइंगमध्ये दुरुस्त करायचं. बनवणारा आपला असण्याचा खरा फायदा हाच.

१९८० च्या दशकात जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून चार भारतीय कंपन्यांनी छोटे ट्रक आणले. टेल्कोनं १९८६ मध्ये ४०७ काढला. तो परदेशी कंपनीकडून विकत घेतलेल्या डिझाइनवर नव्हता. ४०७ आजही बाजारात आहे.

मुळगावकर १९८८ मध्ये टेल्कोच्या चेअरमनपदावरून उतरले आणि रतन टाटा आले. १ जुलै १९८९ ला मुळगावकर गेले. सुमो आली १९९४ मध्ये. आपल्या नावाची गाडी त्यांनी कधी पाहिलीच नाही. सुमोचं उत्पादनही २०१९ मध्ये थांबलं. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर त्यांच्या नावाचं सभागृह मात्र आहे.

त्यांच्या पत्नी लीला मुळगावकर यांनी भारतात ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी करायला आयुष्य दिलं. १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धंतोलीत सुमोतून पेशंट उतरतो आणि नातेवाईक रक्ताच्या पिशवीसाठी धावतात, तेव्हा त्या धावपळीत या दोघांचंही काम असतं.

शेवटची गोष्ट. नागपूरहून उत्तरेला जाणारा हायवे जबलपूरला पोचतो. तिथल्या सरकारी वाहन कारखान्यात लष्करासाठी अशोक लेलँड आणि टाटाच्या परवान्याखाली ट्रक बनले. सैन्य आजही जुने ट्रक लिलावात काढतं आणि मिस्त्री आजही त्यांना नवी बॉडी चढवतात. फक्त आता पार्ट मोडला तर तो बनवणारा कारखाना आपल्या देशात आहे.