हृदयाच्या पिशवीचा आजार ओळखणारे तबीब : इब्ने जुहर

तिब्बचा विषय निघाला की आपल्या घरांत इब्ने सिना आणि अल-राझी ही नावं लगेच घेतली जातात. इब्ने जुहर यांचं नाव मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. हृदयाला सूज येणारे आजार आजही आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावांत आढळतात. त्या आजारांचा इतिहास सांगताना या तबीबांना वगळून चालत नाही.

अबू मरवान अब्दुल मलिक इब्ने जुहर यांचा जन्म 1094 च्या सुमारास अंदलुसमधल्या इश्बिलिया शहरात झाला. हे शहर म्हणजे आजच्या स्पेनमधलं सेव्हिल. वालिद अबुल अला नामवंत तबीब होते, आजोबाही तबीब होते. म्हणजे हिकमत घरातच होती. वालिदांच्या हाताखाली ते शिकले आणि तरुणपणीच मुराबित राजघराण्याच्या सेवेत गेले.

पुढे सुलतान अली बिन यूसुफची मर्जी फिरली. ज्या तबीबाच्या हातात राजघराण्याची नाडी होती, त्यालाच मराकेशच्या तुरुंगात दिवस काढावे लागले. 1147 मध्ये मुराबितांची सत्ता गेली, मुवह्हिद आले. नवे शासक अब्दुल मोमिन यांनी त्यांना आपले तबीब नेमलं. इतकं सोसूनही त्यांनी काम सोडलं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्यांचं सगळ्यात मोठं पुस्तक म्हणजे ‘अत-तैसीर’. प्रसिद्ध विचारवंत इब्ने रुश्द त्यांचे मित्र होते. इब्ने रुश्द यांनी आपल्या ‘कुल्लियात’मध्ये वैद्यकाची तत्त्वं मांडली आणि एकेका आजाराच्या इलाजासाठी वाचकाला ‘तैसीर’कडे पाठवलं.

याच ‘तैसीर’मध्ये हृदयाच्या पिशवीचा आजार येतो. आपलं हृदय एका दुपदरी पातळ पिशवीत असतं. दोन पदरांच्या मध्ये थोडंसं पाणी असतं, त्यामुळे धडधडताना हृदय घासत नाही. या पिशवीला सूज आली की पाणी वाढतं, कधी आतल्या बाजूला थर जमतात. पाणी फार साचलं तर हृदय दाबलं जातं, त्याला नीट फुलता येत नाही आणि जीव धोक्यात येतो. इब्ने जुहर यांनी हे साचणारं पाणी आणि हे थर, दोन्हींचं वर्णन केलं. तेव्हा स्टेथोस्कोप नव्हता, एक्स-रे नव्हता, इको तर दूरच. छातीच्या मधल्या भागात होणाऱ्या गळवाबद्दलही त्यांनी लिहिलं.

जालीनूसचा त्यांना आदर होता, पण पुस्तकात लिहिलंय म्हणून डोळे मिटून मानायचं, हा त्यांचा स्वभाव नव्हता. श्वासनलिकेला छेद दिला तर जखम भरते का, हे त्यांनी आधी बकरीवर करून पाहिलं. जखम भरली, बकरी जगली. खरजेच्या बारीक किड्याचीही त्यांनी नोंद केली.

1162 मध्ये इश्बिलियातच त्यांचं निधन झालं. ‘तैसीर’ पुढे लॅटिनमध्ये गेलं, 1490 मध्ये व्हेनिसला छापलं गेलं आणि युरोपातल्या डॉक्टरांनी ते अनेक पिढ्या वाचलं. तिकडे त्यांचं नाव झालं अव्हेंझोअर. मुलगा अबू बक्रही तबीब आणि शायर. आणि ही गोष्ट मी माझ्या वर्गातल्या मुलींना आवर्जून सांगतो : त्यांची मुलगी आणि नातसुद्धा तबीब होत्या. स्त्रियांच्या आजारांत त्या इतक्या तरबेज होत्या की राजवाड्यातल्या बायकांवर त्याच इलाज करत.

आता आपल्याकडे वळूया. या पिशवीला सूज विषाणूंमुळे येते, तशीच टीबीमुळेही येते. भारतात टीबी हे त्याचं एक मोठं कारण आहे. दुसरा धोका लहान मुलांना. घसा दुखून ताप येतो, आपण हळद-दूध देतो, ताप उतरतो, विषय संपला असं वाटतं. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात. कधी हा एक सांधा, कधी तो. हा सांधेवाताचा ताप असू शकतो. तो हृदयाचा स्नायू, पिशवी आणि झडपा, तिघांनाही सुजवतो. सांधे बरे होतात, झडप मात्र कायमची खराब होऊ शकते. साधारण 5 ते 15 वर्षांच्या मुलांना हा जास्त होतो. वेळेत कळलं तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन हृदय वाचवता येतं, पण ते वर्षानुवर्षं चुकवायचं नसतं.

छातीत टोचल्यासारखं दुखतंय, आडवं झालं की वाढतंय आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतंय, तर पिशवीच्या सुजेची शंका घ्यावी. पण छातीचं दुखणं कुठलंही असो, घरी ठरवत बसू नका. दम लागत असेल, पाय सुजत असतील तरी तेच. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड कुठूनही असा, आधी जवळचा सरकारी दवाखाना गाठा. गरज पडली तर यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

इब्ने जुहर आपले होते हा फख्र जरूर करावा. पण टीबीच्या गोळ्या दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडणारा, किंवा पोराचे सुजलेले गुडघे नुसते तेलाने चोळत बसणारा माणूस त्यांच्या वाटेवर नाही. तपासून पाहा, मग इलाज करा, आणि तो पूर्ण करा.