चिंध्यांचे वस्त्र ल्यालेला लोकशिक्षक

जुनी लुगडी, धोतरे विरली की त्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवायची, ही रीत पालघरजवळच्या मासवणपासून विदर्भातील खेड्यांपर्यंत मराठी घरांच्या परिचयाची. अशीच चिंध्यांची गोधडी अंगावर वागवीत संत गाडगेबाबांनी सुमारे अर्धे शतक महाराष्ट्र पालथा घातला.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. घराणे परीट समाजातील. लोकांचे कपडे धुणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. दारूच्या व्यसनाने वडिलांचा अकाली मृत्यू झाला आणि आई सखुबाई मुलाला घेऊन दापुरे येथे माहेरी आल्या. मामाकडे गुरे राखण्यात आणि शेतीत डेबूजींचे बालपण गेले. शाळा दूरच राहिली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. मागे आई, पत्नी कुंताबाई आणि मुले राहिली. या त्यागाची किंमत कुटुंबालाही मोजावी लागली. रंगीबेरंगी चिंध्यांचा अंगरखा, एका हातात खराटा, दुसऱ्यात मातीचे गाडगे, हा बाबांचा वेश ठरला. कोणी त्यांना गोधडेबुवा म्हणत, कोणी चिंधेबुवा.

हा वेश दारिद्र्याचे प्रदर्शन नव्हता. कीर्तनातून ते व्यसन, कर्ज, पशुबळी आणि अस्पृश्यतेवर प्रहार करीत. बायकोसाठी कमी किमतीचे लुगडे घ्या, पण मुलांना शिकवा, असे ते सांगत. सांगणाऱ्याच्या अंगावरच ठिगळे असल्याने त्या सांगण्याला वजन येई. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी स्वतःच्या सुखासाठी वापरला नाही. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांची सोय झाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. भुकेल्याला अन्न आणि उघड्यानागड्याला वस्त्र हाच त्यांचा धर्म होता. स्वतः मात्र ते चिंध्यांवरच समाधानी राहिले.

डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावनजीक बाबांची प्राणज्योत मालवली. अक्षरओळख नसलेल्या या लोकशिक्षकाचे नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे.