डिझेल इंजिनाची राखीव ताकद

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ मध्ये पॅरिसमधील एका जर्मन कुटुंबात झाला. १८७० च्या युद्धामुळे कुटुंबाला ते शहर सोडावे लागले. म्युनिकमध्ये शिकताना कार्ल फॉन लिंडे यांच्या व्याख्यानांतून त्यांना कळले, की वाफेच्या इंजिनात कोळशाची सुमारे नव्वद टक्के उष्णता वाया जाते. ही उधळपट्टी थांबवण्याचा त्यांनी ध्यास घेतला.

त्यांची कल्पना अशी : हवा इतकी दाबायची, की ती तापून इंधन ठिणगीविना पेटावे. १८९७ मध्ये ऑग्सबर्गच्या चाचणीत त्यांच्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णता कामी लावली.

हा दाब सोसण्यासाठी इंजिन भक्कम करावे लागते. शिवाय त्यात एरवी गरजेपेक्षा जास्त हवा असते. ताकद ठरते ती इंधनाच्या मात्रेवर. पुढे टर्बोचार्जर आला, तो आणखी हवा कोंबतो. म्हणूनच आजच्या ट्रकच्या संगणकात फेरफार करून इंधन आणि टर्बोचा दाब वाढवला, की ताकद सहज वाढते.

पण इंधन हवेच्या मानाने जास्त झाले, की ते अर्धवट जळून काजळी होते. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले.

सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना डिझेल बोटीवरून बेपत्ता झाले; नंतर त्यांचा मृतदेह समुद्रात सापडला. इंधन वाया जाऊ नये म्हणून ते आयुष्यभर झटले. काळा धूर ओकणारा ट्रक मात्र तेच वाया घालवतो, आणि त्याची किंमत आपली फुप्फुसे मोजतात.