केडगावचा विसावा

आषाढीच्या वारीत तुकोबारायांची पालखी यवतहून वरवंडकडे निघाली म्हणजे चौफुल्यापासून केडगाव फार दूर राहत नाही. भीमेच्या एका तीरी शिरूर तालुका, दुसऱ्या तीरी दौंड. त्या दौंड तालुक्यातील हे गाव. जन्मापासून चालत आलेल्या एका विदुषीला विसावा लाभला तो येथे. त्या विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

पिता अनंतशास्त्री डोंगरे निष्ठावंत वैष्णव. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविल्यामुळे स्वकीयांचा रोष ओढवला, तेव्हा सह्याद्रीतील गंगामुळाच्या अरण्यात त्यांनी आश्रम थाटला. तेथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. सहा महिन्यांच्या असतानाच आश्रम सुटला आणि वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांची पहिली यात्रा झाली. पुढे तीर्थामागून तीर्थ, पुराणवाचन, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह! मातेने पहाटे उठवून पाठ दिले. बाराव्या वर्षाच्या सुमारास भागवताचे अठरा सहस्र श्लोक मुखोद्गत झाले. आम्हां कीर्तनकारांनी कान धरावेत अशी ती तपश्चर्या. परंतु १८७४ च्या सुमारास अन्नान्नदशेत माता, पिता आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. बंधू श्रीनिवासांसह त्या हजारो मैल पायी हिंडल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पदव्या मिळाल्या, घर मात्र मिळाले नाही. १८८० मध्ये बंधू आणि १८८२ मध्ये पती निवर्तले. पदरी तान्ही मनोरमा राहिली.

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली. ही गोष्ट आपल्या लोकांना झोंबली आणि आजही काहींना झोंबते. परंतु त्यांचे आत्मनिवेदन वाचणाऱ्यास निराळेच काही दिसते. दीक्षेनंतरही काही वर्षे त्यांचे मन निवाले नव्हते. सुमारे १८९१ मध्ये त्यांना उमगले की, ईश्वराची क्षमा व्रते आणि सत्कृत्ये यांनी कमवायची नसते; ती दान म्हणून घ्यायची असते. कृपेवाचून साधनाचा शीण व्यर्थ, हे आपले संतही सांगत आले. रमाबाईंना ते ख्रिस्ताच्या चरणी गवसले, एवढेच.

यानंतर काम घटले नाही, उलट वाढले. मुंबईस १८८९ साली काढलेले शारदासदन पुण्यास आल्यावर, १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात अनेक मुली काढून घेतल्या गेल्या. दुष्काळातून आणलेल्या निराधार स्त्रियांसाठी १८९८ साली केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग तेथे चालत. तथापि उत्तरायुष्यात चाल मंदावली. संस्थेचा पुष्कळ भार मनोरमाबाईंनी उचलला. कानांनी आधीच कमी ऐकू येई. आता त्या हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, अल्पशिक्षित बायकांनाही उमजेल अशा मराठीत बायबल उतरवीत बसल्या. एकेका शब्दापाशी थांबण्याचे ते काम वर्षानुवर्षे चालले. त्या ग्रंथाच्या आरंभीच सृष्टिकर्ता सहा दिवस निर्मिती करून सातव्या दिवशी विसावतो, आणि भक्तांसही तोच दिवस नेमून देतो. शयनी एकादशीला शेषशायी निजतो असे मानणाऱ्या आपल्याला हे परके वाटू नये.

१९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. तरीही वृद्ध मातेने लेखणी खाली ठेवली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात प्रकाशित झाले.