शिकार सोडणारा सम्राट

सम्राट अशोक म्हटले की आपल्याला कलिंगचे युद्ध आठवते, सारनाथचा सिंहस्तंभ आठवतो, राष्ट्रध्वजावरचे चक्र आठवते. पण याच सम्राटाने राजघराण्याची शिकार बंद केली आणि पुढे प्राण्यांच्या रक्षणासाठी नियम केले, हे आपल्या तरुणांपर्यंत फारसे पोहोचलेले नाही. आज अमेरिकेत वन्यप्राणी मारण्याच्या स्पर्धांवर कायद्याने बंदी घालावी, अशी मागणी होत आहे. या मागणीकडे बौद्ध म्हणून कसे पाहावे, याचे उत्तर सम्राट अशोकांच्या जीवनात सापडते.

अशोक हे मौर्य साम्राज्याचे संस्थापक चंद्रगुप्त यांचे नातू आणि बिंदुसार यांचे पुत्र. चंद्रगुप्तांच्या दरबारात मेगॅस्थेनीस हा ग्रीक वकील राहिला होता. त्याच्या वर्णनावरून राजाची शिकार कशी असे ते कळते. ढोल वाजत, राजाभोवती शस्त्रधारी स्त्रियांचा पहारा असे, रस्त्याला दोर बांधून लोकांना दूर ठेवले जाई. राजा कुंपण घातलेल्या रानात मचाणावरून बाण मारी, मोकळ्या रानात हत्तीवरून. ही शिकार पोटासाठी नव्हती. ती करमणूक होती आणि सत्तेचे प्रदर्शनही होते. अशोक याच परंपरेत वाढले.

इ.स.पू. २६८ च्या सुमारास त्यांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर आठ वर्षांनी कलिंगचे युद्ध झाले. दीड लाख माणसे बंदी म्हणून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे युद्धामागून आलेल्या हालअपेष्टांत मेली. हे आकडे कोणा शत्रूने लिहिलेले नाहीत. खुद्द सम्राटाने आपला पश्चात्ताप दगडावर कोरून घेतला. जिंकलेल्या राजाने असे करणे जगाच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर ते संबोधीच्या स्थळी, म्हणजे बोधगयेला गेले. तेथून त्यांच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. आठव्या शिलालेखात ते सांगतात की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात आणि त्यात शिकार व इतर करमणुकी असत. आता त्याऐवजी श्रमण-ब्राह्मणांची भेट व दान, वृद्धांची भेट व मदत, खेड्यापाड्यांतील लोकांशी धम्माविषयी बोलणे सुरू झाले. यात आपल्याला अधिक आनंद मिळतो, असेही ते नोंदवतात. सम्राटाने आनंद सोडला नाही. दुसऱ्याचा जीव घेऊन मिळणारा आनंद सोडला.

हा शिलालेख आपल्यापासून दूर नाही. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना याच आठव्या शिलालेखाचा तुकडा आपल्या सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात सापडला. शिकार सोडल्याची बातमी त्या काळी कोकण किनाऱ्यावरच्या बंदरातही कोरून लावली होती.

बदल स्वतःच्या घरातही दिसला. पहिल्या शिलालेखात सम्राट कबूल करतात की राजाच्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जात. ते प्रमाण दोन मोर आणि एक हरीण इतके खाली आले, आणि हरीणही रोज नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे त्यांनी जाहीर केले. माणसांबरोबर जनावरांच्याही औषधोपचाराची सोय केली.

सर्वांसाठीचे विस्तृत नियम आले ते राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी, पाचव्या स्तंभलेखात. पोपट, मैना, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर, खार, गेंडा असे अनेक जीव अवध्य ठरले. जे चतुष्पाद उपयोगाचे नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत, तेही अवध्य झाले. गाभण व दूध पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्या आणि सहा महिन्यांखालील पिल्ले यांना संरक्षण मिळाले. विनाकारण किंवा जीव मारण्यासाठी जंगल पेटवायला मनाई झाली. या नियमांत गोहत्याबंदी नाही, याकडे बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात लक्ष वेधले आहे. त्यामुळे अशोकांचे नाव घेऊन कोणी गरिबाच्या ताटावर पहारा बसवत असेल, तर त्याला या लेखाचा आधार मिळत नाही.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. अमेरिकेतील स्पर्धा या कसोटीवर तपासा. ठरलेल्या वेळेत सर्वांत जास्त किंवा सर्वांत वजनदार कोयोटी, कोल्हे, बॉबकॅट मारणाऱ्याला रोख रक्कम किंवा बंदूक बक्षीस मिळते. मोजणी झाली की बरीचशी कलेवरे टाकून दिली जातात. यात भूक नाही, स्वसंरक्षण नाही. मारण्याची इच्छा आहे आणि तिला बक्षीस आहे. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशा बक्षिसांवर बंदी घातली, न्यूयॉर्कने २०२३ मध्ये कायदा केला. इतरही काही राज्यांनी तसे केले, पण अनेक राज्यांत या स्पर्धा अजून कायदेशीर आहेत.

कायद्याने मन बदलते का, असा प्रश्न कार्यकर्ते विचारतात. सम्राटांनाही तो पडला होता. सातव्या स्तंभलेखात त्यांनी धम्मवाढीचे दोन मार्ग सांगितले, नियम आणि मन वळवणे, आणि दुसरा मार्ग अधिक प्रभावी मानला. तरीही त्यांनी नियम रद्द केले नाहीत. मन वळेपर्यंत मुक्या जीवाने वाट पाहायची का, हा खरा प्रश्न आहे. मात्र त्यांचा क्रम लक्षात ठेवावा. आधी स्वतःची शिकार सुटली, मग स्वतःचा मुदपाकखाना बदलला, मग इतरांसाठी नियम आले.

इ.स.पू. २३२ च्या सुमारास सम्राट अशोकांचे निधन झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला आणि पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे दिले. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बांधवांनी आपापल्या लोकप्रतिनिधींना या बंदीसाठी पत्र लिहावे. आपण इथे विहारातल्या तरुणांसमोर आठवा शिलालेख वाचावा आणि आपल्या गावात गंमत म्हणून कुठल्या जीवाला मारले जाते, याची चर्चा करावी.

जय भीम! नमो बुद्धाय!