क्रिकेटमहर्षी प्रा. दि. ब. देवधर

खेळाच्या मैदानावर श्रेष्ठ कोण, हा प्रश्न जितका जुना तितकाच न सुटणारा आहे. आजचा विजेता थोर की आपल्या आजोबांच्या काळातला, हे ठरविण्यासाठी आपण चटकन आकड्यांकडे धाव घेतो. किती धावा, किती शतके, किती करंडक, असा हिशेब मांडतो आणि निकाल देऊन मोकळे होतो. आकडे खोटे बोलत नाहीत हे खरे. परंतु ते सारेच सांगतात असेही नाही. ज्यांच्या नावावर कसोटी सामन्यातील एकही धाव नाही, आणि तरीही ज्यांना वगळून भारतीय क्रिकेटचा इतिहास लिहिता येणार नाही, अशा एका मराठी गृहस्थांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. त्या वेळी देशात क्रिकेटची मध्यवर्ती संस्था नव्हती, आणि हिंदुस्थानचा संघ कसोटी सामने खेळत नव्हता. मुंबईत युरोपियन, पारशी, हिंदू अशा जमातवार संघांत होणारे सामने हीच मोठी परीक्षा मानली जाई. १९११ साली देवधर प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये उतरले. त्याच वर्षी जातिभेदाचे चटके सोसून वर आलेले थोर डावखुरे गोलंदाज पालवणकर बाळू यांनी इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळविले होते. बाळूंनाही कसोटी सामना कधी लाभला नाही, कारण त्यांच्या काळी तो नव्हताच. एका पिढीची ही उणीव पुढच्या पिढीच्याही वाट्याला यावयाची होती.

क्रिकेट हा देवधरांच्या चरितार्थाचा व्यवसाय नव्हता. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. पुस्तक आणि बॅट यांचे वैर असते, अशी एक समजूत आपल्याकडील घराघरांत आहे. एका हाती काव्य-व्याकरण आणि दुसऱ्या हाती बॅट घेऊन या प्राध्यापकांनी ती समजूत आपल्या आचरणानेच खोडून काढली.

१९२६ सालच्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडच्या एम. सी. सी. चा संघ हिंदुस्थानात आला. मॉरिस टेटसारखा नामांकित गोलंदाज त्या संघात होता. अशा संघापुढे येथील खेळाडू कितपत टिकतील, याविषयी अनेकांना शंका होती. डिसेंबरच्या आरंभी मुंबईस हिंदू संघाकडून खेळताना सी. के. नायडू यांनी ११ षटकारांसह १५३ धावा झोडपल्या. त्यानंतर काही दिवसांतच अखिल हिंदुस्थान संघाकडून देवधरांनी १४८ धावा काढल्या, आणि यजमान संघाने पहिल्या डावात पाहुण्यांवर आघाडी मिळविली. नायडूंचा डाव विजेसारखा लखलखीत, तर देवधरांचा हिशेबी आणि भक्कम. दोन्ही डावांचा परिणाम मात्र एकच झाला. हिंदुस्थानच्या खेळाडूंची योग्यता पाहुण्यांना पटली. गिलिगन यांनी येथील धुरीणांना मध्यवर्ती संस्था स्थापन करण्यास उत्तेजन दिले. १९२८ साली क्रिकेट नियामक मंडळ जन्मास आले, आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला.

त्या सामन्यात नायडू कर्णधार होते. देवधर मात्र संघात नव्हते. नायडू त्यांच्याहून सुमारे पावणेचार वर्षांनी लहान. नायडूंना छत्तिसाव्या वर्षी का होईना दार उघडलेले सापडले. देवधरांनी तोवर चाळिशी गाठली होती. जे दार ठोठावण्यात त्यांचा स्वतःचा हात होता, त्यातून इतर आत गेले आणि ते बाहेरच राहिले. पुढेही कसोटी सामने फार झाले नाहीत. १९३२ मध्ये एक, १९३३-३४ मध्ये तीन आणि १९३६ मध्ये तीन, असे सातच सामने हिंदुस्थानच्या वाट्याला आले. मग दुसरे महायुद्ध आले, आणि पुढचा कसोटी सामना १९४६ मध्ये झाला. तेव्हा देवधर चौपन्न वर्षांचे होते.

सामान्य मनुष्याने येथे बॅट खुंटीला टांगली असती आणि दैवाला दोष देत उरलेले आयुष्य काढले असते. देवधरांच्या चरित्राचा खरा रंग मात्र येथूनच भरू लागतो. १९३४-३५ पासून रणजी करंडकाचे सामने सुरू झाले होते. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राच्या संघाने १९३९-४० मध्ये संयुक्त प्रांताला आणि १९४०-४१ मध्ये मद्रासला अंतिम सामन्यात हरवून तो करंडक लागोपाठ दोनदा जिंकला. त्यानंतर महाराष्ट्राच्या संघाला तो आजवर पुन्हा मिळालेला नाही. त्यांच्या हाताखाली खेळणाऱ्या तरुणांत सांगलीचे विजय हजारे होते. याच काळात हजाऱ्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. पुढे १९५२ साली मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार तेच होते.

१९४०-४१ च्या हंगामात पुण्यास मुंबईशी सामना झाला. मुंबई म्हणजे त्या काळचा बलाढ्य संघ. त्या सामन्यात देवधरांनी २४६ धावा केल्या. त्यांचे वय होते अठ्ठेचाळीस! महाराष्ट्राने ६७५ धावा उभारल्या, मुंबईने ६५० पर्यंत झुंज दिली, आणि पहिल्या डावातील पंचवीस धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. एवढ्यावरही त्यांचे समाधान झाले नाही. १९४४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके ठोकली. पहिल्यात १०५, दुसऱ्यात १४१. पहिल्या महायुद्धापूर्वी खेळू लागलेले देवधर दुसरे महायुद्ध संपल्यावरही, १९४८ पर्यंत, मैदानावर होते.

आता तुलनेचा प्रश्न घेऊ. देवधरांनी प्रथम श्रेणीचे ८१ सामने खेळून ४,५२२ धावा केल्या, सरासरी ३९.३२. आजच्या विद्यार्थ्यास हे आकडे साधेच वाटतील. परंतु सदतीस वर्षांत ८१ सामने म्हणजे वर्षाला जेमतेम दोन! आजचा खेळाडू तितके सामने थोड्या वर्षांत खेळतो. शिवाय शिरस्त्राण नाही, खेळाडूंना वेतन नाही, कित्येक मैदानांवर चटई अंथरून केलेली खेळपट्टी. हा संदर्भ सोडून नुसता आकडा पाहणे म्हणजे नदीचा पूर ठाऊक नसताना नावाड्याचे कौशल्य जोखणे होय.

मात्र न्याय दोन्ही बाजूंनी हवा. ज्या सामन्यात दोन्ही संघांनी सहाशेच्या वर मजल मारली, तेथील खेळपट्टी फलंदाजांना अनुकूल असणार, हेही मान्य केले पाहिजे. म्हणून देवधर अमक्याहून मोठे होते असा निकाल आम्ही देत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, खेळाडूला त्याच्या काळाने जे दिले आणि जे नाकारले, ते दोन्ही तराजूत घालावे.

जगात अशी उदाहरणे आणखीही आहेत. इंग्लंडचे जॅक हॉब्ज यांचे चार हंगाम महायुद्धाने गिळले, तरी त्यांच्या शतकांपैकी जवळजवळ निम्मी शतके चाळिशीनंतरची आहेत. ऑस्ट्रेलियाचे टेनिसपटू केन रोझवॉल व्यावसायिक झाल्यामुळे १९५७ ते १९६७ अशी ऐन उमेदीची अकरा वर्षे विंबल्डनला मुकले. तरीही १९७४ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांनी तेथील अंतिम सामना गाठला. विंबल्डनचे एकेरीचे विजेतेपद त्यांना कधीच मिळाले नाही. पण म्हणून त्यांना दुय्यम कोण म्हणेल? आणि आपल्या मध्य प्रदेशाने तर हा चमत्कार इंदुरास घडताना पाहिला आहे. नायडूंनी होळकर संघाला वैभवाच्या शिखरावर नेले. त्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९५६-५७ च्या हंगामातही, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, नायडू रणजी सामन्यात उतरले होते.

निवृत्तीनंतरही देवधरांचे खेळाशी नाते तुटले नाही. संघनिवडीचे आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदाचे काम त्यांनी केले. त्यांच्या कन्या तारा, सुंदर आणि सुमन बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर चमकल्या. मुलींनी मैदानात उतरणे अनेकांना रुचत नसे, त्या १९४० नंतरच्या दशकातील ही गोष्ट आहे. १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण देऊन सरकारने देवधरांचा गौरव केला. १९७३-७४ पासून नियामक मंडळाने त्यांच्या नावाने देवधर करंडक सुरू केला. ज्यांनी आयुष्यात शतके काढली, त्यांनी आयुष्याचेही शतक पूर्ण केले. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या एकशे एकाव्या वर्षानंतर, पुण्यात त्यांचे देहावसान झाले. १९९६ साली टपाल खात्याने क्रिकेटपटूंची तिकिटे काढली, त्यांत नायडूंच्या बरोबरीने देवधरही होते. कसोटीच्या दप्तराने जो शेजार नाकारला, तो असा मिळाला.

विद्यार्थिमित्रांनो, आंब्याचे झाड लावणाऱ्यास फळ चाखावयास मिळेलच असे नसते. देवधरांनी झाड लावले, फळ दुसऱ्यांनी चाखले. तरी झाडाला पाणी घालणे त्यांनी सोडले नाही. संधी मिळाली नाही ही तक्रार आपण सारेच करतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच्या त्या २४६ धावा तुम्ही आठवा. त्या काढताना त्यांच्यापुढे कोणतेही दार उघडणार नव्हते; समोर केवळ पुढचा चेंडू होता, आणि तो नीट खेळावयाचा होता.